जांभळा जरा हात राखून: मूरच्या रंगांची टोपी आणि मफलर

या महिन्यात विणकामाविषयी आलेल्या बऱ्याच पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे: इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या मूरच्या रंगांत टोपी आणि तिला जुळणारा मफलर. मूर म्हणजे उंचावरचं, झाडं जवळजवळ नसलेलं ओलसर माळरान. माती पीटची, म्हणजे कुजक्या वनस्पतींची, काळी आणि आम्लधर्मी. तिच्यावर हीदरची खुरटी झुडपं, ब्रॅकन नावाचं नेचं आणि गवत. जोडीचा पूर्ण नमुना दुसऱ्या उत्तरात दिला आहे. पुढची उत्तरं त्याच आकड्यांना धरून आहेत.

ऑगस्टच्या शेवटी नॉर्थ यॉर्क मूर्स बघून आलो आणि फोटोतल्या रंगाशी जुळवून जांभळ्याच्या चार छटांची लोकर घेतली. हातभर मफलर विणून झाला, पण तो मूरसारखा अजिबात दिसत नाही. शाळेच्या गणवेशातला वाटतो. लोकर चुकीची घेतली का? (लीड्सहून)

लोकर ठीकच असेल, तिचं प्रमाण चुकलं. हीदरची एक फांदी जवळून बघा. फूल जेमतेम तीन-चार मिलिमीटरचं, फिकट जांभळट-गुलाबी. त्याला खेटून खवल्यांसारखी बारीक गडद हिरवी पानं आणि खाली करडं-तपकिरी लाकडी देठ. अशी लाखो फुलं, पानं, देठं लांबून एकत्र दिसतात आणि डोळा त्यांचा मिळून एक रंग करतो. म्हणून डोंगरभर पसरलेला तो जांभळा कधीच स्वच्छ नसतो, त्याच्या पोटात तपकिरी आणि हिरवा असतो. दुकानातला स्वच्छ जांभळा त्याच्या शेजारी नेला की प्लास्टिकचा वाटतो.

शिवाय हा जांभळा ऋतूपुरता. बेल हीदर जुलैपासून फुलते आणि तिचा रंग जास्त किरमिजी असतो; डोंगर रंगवणारी साधी हीदर, तिला तिकडे लिंग म्हणतात, ऑगस्टमध्ये फुलून सप्टेंबरात उतरणीला लागते. उरलेल्या वर्षात तोच उतार काळपट तपकिरी असतो. ऑक्टोबरात ब्रॅकन गंजासारखं तांबूस होतं, गवत भुसकटाच्या रंगावर येतं, दगडी बांधांवर करडं-हिरवट दगडफूल असतंच. ग्राऊस पक्ष्यांसाठी राखलेल्या मूरवर जुनी हीदर टप्प्याटप्प्याने, पट्ट्यापट्ट्यांनी जाळतात. म्हणून समोरच्या टेकडीवरून बघितलं तर नुकताच जळलेला काळा पट्टा, शेजारी दोन-तीन वर्षांचा हिरवट, मग फुलावर आलेला जांभळा, अशी गोधडी दिसते. पट्टे कमीजास्त रुंदीचे, कडा वेड्यावाकड्या. विणताना नक्कल करायची तर या गोधडीची करावी.

आमचा हिशेब असा: मफलरच्या ६०० ओळी धरल्या तर जांभळ्याच्या वाट्याला ८०. पिवळ्याला फक्त १०. तो गॉर्स या काटेरी झुडपाचा. (एक्समूर आणि डार्टमूरवर गॉर्सची एक जात हीदरबरोबरच, उन्हाळा संपता संपता फुलते, म्हणून तिथल्या फोटोंत जांभळ्याच्या आतबाहेर पिवळे ठिपके दिसतात. यॉर्कशायरच्या फोटोत ते ऑगस्टमध्ये क्वचितच सापडतील.) बाकी सगळं पीट, ब्रॅकन, गवत आणि दगड. एवढा तपकिरी-करडा आजूबाजूला आला की ते ८० ओळींचं जांभळं अख्ख्या मफलरवर राज्य करतं.

तुमच्या चार छटांपैकी सगळ्यात मळकट आणि सगळ्यात गडद अशा दोन ठेवा, बाकीच्या दुसऱ्या कामाला. पुढच्या वेळी घेताना मेलांज लोकर बघा. साध्या रंगीत लोकरीत एकच रंग असतो. मेलांजमध्ये लोकर आधी रंगवतात, मग वेगवेगळ्या रंगांचे तंतू मिसळून सूत काततात. गुंडा डोळ्यांजवळ धरला की जांभळ्यात निळे, तपकिरी, कधी चक्क हिरवे तंतू दिसतात. इंग्रजीत अशा धाग्याला ‘हीदर’ असंच म्हणतात, त्या झुडपावरूनच. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवरच्या गिरण्यांच्या रंगपत्रिकांत अशा छटा भरपूर आहेत. फक्त एक लक्षात ठेवा: तिथला प्रसिद्ध स्पिन्ड्रिफ्ट धागा बारीक असतो, २५ ग्रॅमला १०५ मीटर. खालचा नमुना त्याहून जाड, डीके म्हणजे मध्यम जाडीच्या धाग्याचा आहे, ५० ग्रॅमला साधारण १२० मीटरचा.

माझ्याकडे सरळ सुयाच आहेत, सर्क्युलर (वायरने जोडलेल्या, गोल विणायच्या) नाहीत. मोठ्या माणसाच्या टोपी-मफलरचा साधा नमुना लोकरीच्या वजनासकट द्याल का? (पुण्याहून)

लोकर, डीके जाडीची, ५० ग्रॅमचे गुंडे: पीट (काळपट तपकिरी) २, ब्रॅकन (तांबूस) १, गवत (भुसकट रंग) १, दगड (करडा, हिरवट झाक असलेला) १, हीदर (मळकट जांभळा) १. गॉर्सचा पिवळा ५-६ ग्रॅम पुरतो, तो उरल्यासुरल्यातून काढा. टोपीला सगळी मिळून सुमारे ६० ग्रॅम लागते, मफलरला २०० च्या आसपास. झालर लावायची असेल तर पीटचा तिसरा गुंडा आधीच घेऊन ठेवा आणि लेबलवरचा डाय लॉट नंबर, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा क्रमांक, तिन्हींवर एकच आहे ना, ते बघून घ्या. तपकिरीतला फरक दुकानातल्या ट्यूबलाइटखाली कळत नाही, उन्हात कळतो.

सुया: बॉर्डरला १० नंबर (३.२५ मिमी), बाकी सगळ्याला ८ नंबर (४ मिमी). मोजमाप: ८ नंबरवर साध्या विणीत (एक ओळ सुलट, एक उलट) १० सेंटिमीटरला २२ टाके, ३० ओळी. त्यासाठी ३० टाक्यांचा चौकोन विणून, धुऊन, वाळवून मग मधले १० सेंटिमीटर मोजा. सुईवर असताना मोजलेला आकडा फसवतो. २४ टाके भरले तर एक नंबर जाड सुई घ्या, २० भरले तर एक नंबर बारीक. टाके तेच ठेवून ‘मी जरा सैल विणेन’ असं ठरवू नका. पाचव्या ओळीनंतर हात आपल्या सवयीवर जातो.

टोपी, डोक्याचा घेर ५५ ते ५७ सेंटिमीटर. टोपी डोक्यापेक्षा पाचेक सेंटिमीटर लहानच हवी, नाहीतर वाऱ्यात उडते. १० नंबरवर पीटने ११४ टाके घाला. यातले ११२ टोपीचे, दोन शिवणीचे. बॉर्डर: २ सुलट, २ उलट असं करत शेवटी २ सुलट. मागच्या बाजूने २ उलट, २ सुलट, शेवटी २ उलट. अशा १६ ओळी, सुमारे ५ सेंटिमीटर. दोन्ही टोकांना दोन-दोन सुलट ठेवण्याचं कारण शिवताना कळतं. प्रत्येक बाजूचा एकेक टाका शिवणीत गेला की उरलेले दोन सुलट शेजारी येतात आणि बॉर्डर तुटल्यासारखी दिसत नाही.

आता ८ नंबरवर या. एक ओळ सुलट, एक उलट, अशा २८ ओळी: पीट ४, ब्रॅकन ६, गवत २, फुलांची नक्षी ३, गवत ३, दगड ४, हीदर २, पीट ४. सगळे रंगबदल सुलट बाजूला येतात, तसंच बेतलं आहे.

नक्षी गवताच्या रंगावर हीदरने. पहिली ओळ, सुलट बाजू: एक कडेचा टाका गवताने, मग (१ हीदर, ३ गवत) हे २८ वेळा, शेवटचा कडेचा गवताने. दुसरी ओळ, उलट बाजू: कडेचा टाका, मग (१ हीदर, १ गवत, २ हीदर) २८ वेळा, कडेचा टाका. तिसरी ओळ पहिलीसारखी. अधिक चिन्हासारखी चार पाकळ्यांची फुलं तयार होतात. पहिल्या फुलाची एक पाकळी तुटलेली दिसेल. ती दुसऱ्या टोकाला आहे आणि शिवण घातली की जागेवर येते. विणून झाल्यावर दर चौथ्या फुलाच्या मधल्या टाक्यावरून बोथट सुईने पिवळा धागा त्या टाक्याच्याच वाटेने फिरवा. सात पिवळे ठिपके पुरेत.

मग टाळू. ब्रॅकन लावा. पहिली ओळ: कडेचा टाका, (१२ सुलट, २ टाके एकत्र) आठ वेळा, कडेचा टाका. पुढची ओळ नुसती उलट. तिसऱ्या ओळीत ११ सुलट, २ एकत्र. असं प्रत्येक सुलट ओळीत एकेक कमी करत जा. अशा १४ ओळी झाल्या की ५८ टाके उरतात. आता पीट लावा आणि प्रत्येक ओळीत घटवा. उलट ओळीत २ टाके एकत्र उलट विणायचे. सहा ओळींत १० टाके राहतील. धागा ४० सेंटिमीटर ठेवून कापा, दहाही टाक्यांतून ओवून आवळा, दोनदा ओवा म्हणजे मध्ये भोक राहत नाही, आणि त्याच धाग्याने शिवण घाला. उंची २१ सेंटिमीटरच्या जवळ भरते. बॉर्डर दुमडून घालायची असेल तर १६ ऐवजी ३२ ओळी विणा आणि पीटचा आणखी एक गुंडा धरा.

मफलर: ८ नंबरवर पीटने ४४ टाके, सगळ्या ओळी सुलट. रुंदी २०-२१ सेंटिमीटर, १० सेंटिमीटरला साधारण ४० ओळी, म्हणून ६०० ओळींना दीड मीटर. दोन्ही टोकांना पीटच्या १६ ओळी. मधले पट्टे २, ४, ६, १० किंवा १६ ओळींचे, कसेही, अट दोनच. शेजारशेजारचे दोन पट्टे सारख्या रुंदीचे नकोत आणि प्रत्येक पट्टा सम ओळींचा हवा. विषम ओळींवर रंग बदलला की सुलट बाजूला दोन रंगांच्या ठिपक्यांची रांग उमटते. एकूण हिशेब: पीट १९० ओळी, दगड १२०, गवत ११६, ब्रॅकन ८४, हीदर ८०, गॉर्स १०. ब्रॅकन एका गुंड्यात जेमतेम बसतं, म्हणून ते आधी न संपवता मफलरभर वाटून घ्या. पिवळे पट्टे दोन-दोन ओळींचे, पीट किंवा गवताच्या शेजारी. जांभळ्याला खेटून आख्खी पिवळी ओळ आली की दोन्ही रंग भांडतात. टोपीवरच्या फुलात तो एका टाक्यापुरता आहे, म्हणून खपून जातो.

एक इशारा: अशा मफलरला सुमारे ७५ पट्टे आणि दीडशे धाग्यांची टोकं होतात. तोच रंग चार ओळींत परत येणार असेल तर कापू नका, कडेने वर न्या आणि दर दोन ओळींनी चालू धाग्यात अडकवा. शुद्ध लोकरीची दोन टोकं उसवून, ओली करून, एकमेकांवर ठेवून तळहातात जोरात चोळली की चिकटून एक होतात. गाठ नाही, टोक नाही. ॲक्रिलिकला आणि मशीनमध्ये धुता येणाऱ्या लोकरीला ही युक्ती चालत नाही. त्यांचे तंतू एकमेकांत अडकत नाहीत. बाकीची टोकं दर संध्याकाळी त्या दिवसापुरती आत घालून टाका. शेवटी एकदम करू म्हणणाऱ्यांचे मफलर कपाटात पडून राहतात.

आईच्या जुन्या वहीत कानटोपीला ‘१० नंबर सुई’ लिहिलं आहे. इथे दुकानातून १० नंबरच घेतली, पण टोपी खांद्यापर्यंत येईल एवढी झाली. (न्यू जर्सीहून)

भारतात जुने ब्रिटिश नंबर चालतात. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. अमेरिकेत उलटं. आईची १० म्हणजे ३.२५ मिमी, अमेरिकेतली १० म्हणजे ६ मिमी. तुम्हाला हवी होती तिकडची ३ नंबर. आपल्याकडची ८ (४ मिमी) ही तिकडची ६. आपल्याकडची ६ (५ मिमी) ही तिकडची ८. वहीत प्रत्येक नंबरापुढे मिलिमीटर लिहून ठेवा. मुलीच्या हाती वही जाईल तेव्हा हा घोळ पुन्हा नको.

मेलांज लोकर आमच्याकडे मिळत नाही आणि ॲक्रिलिकचे रंग फारच भडक. त्यातूनच मूरचा रंग काढता येईल का? (नाशिकहून)

येईल. दोन बारीक धागे एकत्र धरून विणा: एक जांभळा, एक तपकिरी. तांबूससाठी नारिंगी आणि चॉकलेटी, दगडासाठी करडा आणि मेंदी हिरवा. याला मेलांजची मऊ सरमिसळ येत नाही, दोन रंगांचे ठिपके वेगळे दिसतात. पण हातभर अंतरावरून नजर ते एक करते. भडक रंगाबरोबर दुसरा धागा नेहमी त्याच्याहून गडद घ्या. पांढऱ्याबरोबर धरलेला जांभळा गुलाबी होतो, मूर राहत नाही.

दोन ४ प्लाय धागे एकत्र धरले की काम जाड होतं, म्हणून वरचे आकडे चालणार नाहीत. ६ नंबर (५ मिमी) सुई, १० सेंटिमीटरला १८ टाके, २४ ओळी असं मोजमाप आलं पाहिजे. बॉर्डरला ८ नंबर. टोपीला ९० टाके (८८ आणि शिवणीचे २), बॉर्डरच्या १२ ओळी, मधल्या २८ ऐवजी २२ ओळी. कमी करताना पीट आणि ब्रॅकन कापा, नक्षीला हात लावू नका. नक्षी २२ वेळा बसते. टाळूला आठ भाग ११-११ टाक्यांचे: ९ सुलट, २ एकत्र अशी सुरुवात. एक ओळ सोडून पाचदा घटवा, मग पुढच्या पाच ओळींत प्रत्येक ओळीत. मफलरला ३६ टाके. लोकरीचं वजन साधारण तिसऱ्या हिश्श्याने वाढतं.

दोन धागे एकाच गुंड्यात गुंडाळून घेऊ नका. एक धागा लवकर संपतो, दुसऱ्याचे वेटोळे होतात. दोन डब्यांत दोन गुंडे ठेवा आणि टाका उचलताना दोन्ही धागे सुईवर आलेत ना, तेवढं बघा. अर्धा उचललेला टाका ही या पद्धतीतली नेहमीची चूक. तो चार ओळींनी सैल फासासारखा वर येतो.

जांभळ्या फुलांची नक्षी ब्रॅकनच्या रंगावर विणली. मेहनत भरपूर झाली, पण फुलं दिसतच नाहीत आणि टोपी नक्षीच्या जागी आवळली आहे. (डोंबिवलीहून)

दोन वेगळ्या चुका एकाच जागी झाल्या आहेत. पहिली: तांबूस आणि मळकट जांभळा हे रंग वेगळे आहेत, पण त्यांचा गडदपणा जवळजवळ सारखा. नक्षी डोळ्याला कळते ती उजेड-अंधाराच्या फरकामुळे. सगळे गुंडे ओळीने मांडून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. ज्या दोन गुंड्यांचा करडा सारखा आला, ते नक्षीत एकत्र आणायचे नाहीत. पट्ट्यांत शेजारी आले तर चालतात. मूरच्या रंगांत ही फसगत हमखास होते, कारण ब्रॅकन, हीदर आणि दगड तिन्ही मधल्या पट्टीतले. टोकाचे दोनच: पीट गडद, गवत उजळ. म्हणून नक्षीचा एक रंग या दोघांपैकी असलाच पाहिजे. शेटलंड आणि ऑर्कनी बेटांच्या मधलं फेअर आइल हे बेट ज्या नक्षीकामासाठी प्रसिद्ध आहे, तिथेही एका ओळीत दोनच रंग असतात आणि त्यांतला एक उजळ, एक गडद असाच राखतात.

दुसरी चूक मागून जाणाऱ्या धाग्याची. रंग बदलताना मागचा धागा ताठ ओढला की विणकाम ताणलं जात नाही. उजव्या सुईवरचे विणलेले टाके बोटांनी मोकळे पसरा, मगच नवा रंग लावा. धागा मागे किंचित झोळ पडल्यासारखा दिसला पाहिजे. पाच टाक्यांहून लांब जाणारा धागा मध्ये एकदा अडकवावा लागतो. आमच्या नक्षीत तो तीन टाक्यांपलीकडे जात नाही, म्हणून ती भानगड नाही. तरी हात घट्ट असेल तर त्या तीन ओळींपुरती ७ नंबरची सुई वापरा. झालेल्या टोपीला उपाय नाही, नक्षीपर्यंत उसवा.

इथे हीदर रानोमाळ आहे. तिच्या फुलांनी लोकर जांभळी रंगवता येईल का? (एडिंबराहून)

पिवळी होईल. फुलं जांभळी असली तरी हीदरच्या शेंड्यांतून तुरटीबरोबर पिवळा ते मेंदीसारखा पिवळट-हिरवा रंग निघतो, आणि हायलँड्समध्ये तो पूर्वापार वापरात होता. तुमच्या मफलरमधला गॉर्स असा हीदरनेच रंगवता येईल, ही गंमत सोडू नका.

१०० ग्रॅम पांढरी लोकर आधी तासभर कोमट पाण्यात भिजवा. १० ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात लोकर घाला, हळूहळू तापवा, उकळी फुटू न देता तासभर ठेवा आणि पाण्यातच गार होऊ द्या. दुसऱ्या भांड्यात २०० ग्रॅम ताजे शेंडे तासभर उकळून गाळा. त्या पाण्यात ओली लोकर घालून पुन्हा मंद आचेवर तासभर. भांडं स्टीलचं घ्या आणि ते पुन्हा स्वयंपाकाला नको. लोखंडी भांड्यात पिवळा मळतो, शेवाळी होतो. तो हवा असेल तर जरूर वापरा. शेंडे तोडण्याआधी जमीन कुणाची आहे ते विचारा.

स्कॉटलंडचा देशी जांभळा दगडफुलातून येई. अशा रंगाचं कडबेअर नावाने १७५८ मध्ये पेटंटही घेतलं गेलं. दगडफूल मात्र इतकं सावकाश वाढतं की आज ते खरवडून रंग काढू नये. जांभळा विकतच घ्या.

मूर कधी बघितलेले नाहीत. हाच नमुना कासच्या पठारावरून केला तर? (साताऱ्याहून)

करा. टाके-ओळी त्याच, रंग बदला: पीटच्या जागी जांभ्याचा काळपट तांबडा, गवत हिरवं, दगडाच्या जागी गेंदाच्या गोंड्यांचा मळकट पांढरा, हीदरच्या जागी सीतेच्या आसवांचा निळसर जांभळा, ब्रॅकनच्या ओळी तेरड्याच्या गुलाबीला आणि पिवळा सोनकीचा. तेरडा थोडा कमी करून जांभा वाढवलात तर बरं. फोटोत फुलंच भरतात, पण प्रत्यक्षात पायाखाली कातळ असतो आणि मफलरातही तो दिसला पाहिजे. नक्षी पांढऱ्यावर जांभळी.

साध्या विणीतला मफलर दोन्ही कडांनी पुंगळीसारखा गुंडाळला गेला. इस्त्री केली तर ॲक्रिलिकची लोकर चपटी आणि लोळागोळा झाली. (ठाण्याहून)

सुलट-उलट ओळींच्या विणीत पुढच्या आणि मागच्या बाजूचा ताण सारखा नसतो, म्हणून कडा मागे वळतात. तो विणीचा स्वभाव आहे, हाताची चूक नाही. चार टाक्यांची सुलट किनार घातली तरी पूर्ण थांबत नाही. म्हणून वर सगळ्या ओळी सुलट दिल्या आहेत. त्या विणीत दोन्ही बाजू सारख्या असतात. नक्षीचा मफलरच हवा असेल तर सर्क्युलर सुईवर ८८ टाक्यांची नळी विणा. मागचे धागे आत झाकले जातात, मफलर दुहेरी आणि उबदार होतो, लोकर मात्र जवळपास दुप्पट लागते.

इस्त्रीने ॲक्रिलिकचे तंतू मऊ होऊन कायमचे बसले. ते परत फुगत नाहीत. तेवढा मफलर आता तसाच वापरा.

शुद्ध लोकरीची जोडी पहिल्यांदा कशी धुवावी? मागची टोपी धुतल्यावर बाहुलीला येईल एवढी झाली. (बेळगावहून)

लोकर आटते ती गरम-गार पाण्याच्या फरकाने आणि चोळण्याने. धुवायचं आणि खळबळायचं पाणी एकाच तापमानाचं, कोमटाहून थोडं गार ठेवा. बादलीत शाम्पूचे चार थेंब, त्यात जोडी दाबून बुडवा आणि वीस मिनिटं हात लावू नका. नळ तिच्यावर सोडू नका. गडद पीटचा रंग पहिल्यांदा थोडा सुटू शकतो, म्हणून टोपीचा नक्षीचा भाग गवताच्या उजळ रंगासकट पाण्यात दुमडून पडू देऊ नका. शेवटच्या पाण्यात दोन चमचे पांढरं व्हिनेगर घाला.

उचलताना दोन्ही हातांनी खालून आधार द्या. ओला मफलर एका टोकाने उचलला की हातभर लांब होतो. टॉवेलमध्ये गुंडाळून वरून पायाने दाबा, पिळू नका. मफलर सतरंजीवर पसरून रुंदी २० सेंटिमीटर ठेवत कडेने गंज न चढणाऱ्या टाचण्या लावा. टोपीच्या आत तिच्या घेराएवढा फुगवलेला फुगा घालून ती पातेल्यावर ठेवा. बॉर्डर मात्र फुग्याच्या खाली मोकळी राहू द्या, ताणलेली बॉर्डर वाळली की सैलच राहते. सावलीत, पंख्याखाली, पूर्ण वाळायला दीड-दोन दिवस. पावसाळ्यात ठेवायची वेळ आली तर आधी एकदा उन्हात झटका, मग झिप असलेल्या पिशवीत बंद करा. कसर लागते ती न धुता ठेवलेल्या, घामाचा वास असलेल्या लोकरीला आधी.